अस्तर

रविवार पेठेतून आणलेलं अस्तर
मी आधी रात्रभर बादलीत भिजवते,
नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं
आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं.
तेवीस वर्षं ब्लाउज शिवतेय धनकवडीत.
अस्तराचं मला कुणी शिकवू नये.

तरी तांबोळी डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर
एक उलटा पेरू काढला, दोन बाजूंना दोन फांद्या.
म्हणाल्या, ही पिशवी, आणि हे तिचं आतलं अस्तर.
दर महिन्याला बनतं, दर महिन्याला उसवतं.
तुमच्यात तसंच काहीसं बाहेरही उगवलंय,
बीजकोशावर, आतड्यावर, पार मागच्या खोलगट जागी.
तेही महिना पाळतं. तेही रक्ताळतं.
फक्त त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही.

म्हणजे कुणी अस्तर भलतीकडेच जोडलं?
त्या हसल्या नाहीत. जवळपास तसंच, म्हणाल्या,
आणि मग आतल्या आत एकाला एक चिकटत जातं.
खळीचा हात लागलेल्या कापडासारखं?
हो, तसं.

चौदाव्या वर्षापासून हे असं.
आईनं ओवा दिला, मावशीनं हिंग,
शाळेच्या बाईंनी शेवटचा बाक.
लग्न झालं की थांबेल.
मूल झालं की थांबेल.
मूल झालं नाही, तेव्हा ते वाक्य
सगळ्यांनी मुकाट्यानं मागे घेतलं.
सोनोग्राफीवर तीनदा नॉर्मल लिहून आलं.
कात्रजच्या एकानं अपेंडिक्स काढलं,
ते बिचारं निर्दोष होतं.

दहापैकी किती दुखतं, विचारलं तांबोळींनी.
एवढ्या वर्षांत आकडा कुणी विचारलाच नव्हता.
माझी टेप साठ इंची, मी म्हटलं,
आणि तिथंच, पंख्याखाली, भडाभडा रडले.

घरी आल्यावर ह्यांनी नाव पाठ केलं,
एंडो, मेट्रि, ओसिस,
कंडक्टर स्टॉप पुकारतो तसं तोडून तोडून.
हे स्वारगेट डेपोतच असतात.
चुलतभावाला फोनवर सांगताना मात्र
"बायकांचं ऑपरेशन" म्हणाले.

पोटाला तीन छेद, कोटाच्या काजाएवढे.
आतून दुर्बिणीनं डाग कापून काढले,
आतड्याला चिकटलेला बीजकोश सोडवला,
जुन्या रक्ताची एक गाठ काढली,
रंगावरून तिला चॉकलेटचं नाव आहे म्हणे.
मग मी चॉकलेटला हात लावला नाही.
खोटं कशाला, महिनाभर.

पुन्हा येईल?
येऊ शकतं, म्हणाल्या. उसवून काढता येतं,
मुळापासून जाईल असं वचन देत नाही.
म्हणून रात्री नऊची गोळी.
पाळी थांबली. पहिले तीन महिने
मधूनच डाग, डोकं जड, क्षुल्लक कारणावरून
ब्लाउजच्या गळ्यावर चिडणं.
आता पायडल मारताना उजवीकडे दुखतं,
पण दोन. फार तर तीन.
पूर्वी मशीनवर डोकं टेकून बसायचे,
गिऱ्हाइकाला वाटायचं, दोरा ओवतेय.

प्रणोती माझ्याकडे हूक लावायला येते,
आंबेगाव पठारावरून, अकरावीतली.
महिन्यातून दोन दिवस येत नाही.
गेल्या वर्षी तिचे ते दोन दिवस मी कापले होते,
वर म्हणाले होते, सगळ्यांनाच होतं ग, आम्ही नाही का.
हे मीच म्हणाले होते. ह्याच तोंडानं.

काल तिला तो उलट्या पेरूचा कागद दिला.
तांबोळींचा वार सांगितला, मंगळवार.
आईला घेऊन ये, नाहीतर मी येते, म्हटलं.
तिनं कागदाची घडी केली
आणि हुकांच्या डबीत ठेवली.
काही बोलली नाही.

चारशे ऐंशी रुपये निघतात तिचे.